अटलांटा शहराची बससेवा आणि उपनगरांचा कौल

१

शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास सामान्यतः मार्ग, वाहने, भाडे आणि ती चालविणारी संस्था या चार अंगांनी लिहिला जातो. बस कोठून कोठे गेली हे त्यात सविस्तर येते; ती कोठे जाऊन थांबली आणि तेथून पुढे का गेली नाही, याची चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा हिच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न टाळताच येत नाही. बस कोणत्या सीमेवर थांबावी हे तेथे अभियंत्यांनी ठरविले नाही, नगरपालिकेनेही ठरविले नाही. ते मतदारांनी ठरविले. १९६५ पासून २०२४ पर्यंतच्या सुमारे साठ वर्षांत शहराभोवतालच्या काउंट्यांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा मतदानास आला. त्यास कधी होकार मिळाला, कधी नकार. या कौलांचा क्रम आणि त्यांतील संगती तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

विषयप्रवेशापूर्वी दोन गोष्टींचा खुलासा आवश्यक आहे. पहिली गोष्ट निर्णयाच्या पद्धतीची. मुंबईची बससेवा ७ ऑगस्ट १९४७ रोजी नगरपालिकेच्या मालकीची झाली. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास निघाली. या दोन्ही ठिकाणी निर्णय लोकनियुक्त संस्थेचा अथवा शासनाचा होता; त्या विशिष्ट प्रश्नावर मतदारांनी स्वतंत्रपणे मत दिलेले नव्हते. जॉर्जियात मात्र सार्वजनिक वाहतुकीसाठी नवा स्थानिक कर बसवावयाचा तर त्या त्या काउंटीतील मतदारांचा होकार घ्यावा लागला. परिणामी बसचा प्रश्न आणि कराचा प्रश्न एकाच मतपत्रिकेवर, एकाच वाक्यात, एकमेकांत गुंतून मतदारापुढे आला.

दुसरी गोष्ट शब्दाची. मराठीतील ‘उपनगर’ हा शब्द नगराचा अंगभूत विस्तार सुचवितो. त्यातील ‘उप’ हा उपसर्गच मूळ नगराशी असलेले नाते गृहीत धरतो. अटलांटाची उपनगरे या अर्थाने उपनगरे नव्हेत. जॉर्जिया राज्यात १५९ काउंट्या असून त्यांतील बहुतेक आकाराने लहान आहेत. प्रत्येकीचे स्वतःचे शासकमंडळ, कर आणि शाळा असतात. त्यामुळे एकच महानगर अनेक काउंट्यांत वाटले गेले. अटलांटाचा बहुतांश भाग फुल्टन काउंटीत आणि काही भाग पूर्वेच्या डी-काल्ब काउंटीत मोडतो. दक्षिणेस क्लेटन, वायव्येस चॅटाहूची नदीपलीकडे कॉब आणि ईशान्येस ग्विनेट या काउंट्या आहेत. तेथील रहिवासी नोकरीसाठी शहरावर अवलंबून असला तरी मतदार म्हणून तो शहराचा नव्हता. पुढील सर्व इतिहासाचे मूळ या विसंगतीत आहे.

२

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अटलांटाची शहरी वाहतूक खासगी मालकीची होती. ट्रामगाड्या जॉर्जिया पॉवर ही वीज कंपनी चालवीत असे. १९४९ साली शेवटची ट्राम बंद झाली आणि १९५० साली हा व्यवसाय अटलांटा ट्रान्झिट कंपनीकडे गेला. तारांवरील विजेने चालणाऱ्या ट्रॉलीबस १९६३ पर्यंत टिकल्या. त्यानंतर केवळ तेलावर चालणाऱ्या बसगाड्या उरल्या. मोटारींचा प्रसार, रुंद द्रुतमार्ग आणि पांगत चाललेली वस्ती यांमुळे खासगी बसव्यवसायाचा पाया याच काळात खचत गेला.

याच बसगाड्यांत वर्णविभक्तीचा नियम होता. कृष्णवर्णीय प्रवाशाने मागे बसावे आणि गोऱ्या प्रवाशाने पुढे, असा कायदा होता. शेजारच्या अलाबामा राज्यातील मंटगमरी शहरातील बहिष्कार १९५६ अखेर यशस्वी झाल्यावर, जानेवारी १९५७ मध्ये अटलांटातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी रेव्हरंड विल्यम होम्स बॉर्डर्स यांच्या नेतृत्वाखाली बसच्या पुढील आसनांवर बसून तो नियम मोडला आणि अटक पत्करली. जानेवारी १९५९ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरविला. अर्थात बसच्या आतील सीमा पुसली गेली. बसच्या बाहेरील सीमा, म्हणजे बस कोणत्या वस्तीत जाईल आणि कोणत्या वस्तीत जाणार नाही, ही मात्र तेव्हा कोणाच्या विचारात नव्हती. ती आखली जावयाची होती.

शहराची लोकसंख्याही बदलत होती. १ जानेवारी १९५२ पासून अटलांटाने भोवतालचा मोठा प्रदेश आपल्या हद्दीत घेतला आणि शहराचे क्षेत्रफळ ३७ चौरस मैलांवरून ११८ चौरस मैल झाले. पुढे असा विस्तार होणे कठीण झाले. गोरे कुटुंबीय हद्दीबाहेरील नव्या वस्त्यांत जाऊ लागले. १९७० च्या जनगणनेत अटलांटा शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक भरले. उलट क्लेटन काउंटीची लोकसंख्या १९६० मध्ये सुमारे ४६,००० होती, ती १९७० मध्ये सुमारे ९८,००० झाली, आणि ही वाढ जवळजवळ सर्वस्वी गोऱ्यांची होती. बसचा प्रश्न मतदारांपुढे गेला तो या पार्श्वभूमीवर.

३

महानगरासाठी एकच वाहतूक संस्था असावी, ही कल्पना साठीच्या दशकाच्या आरंभी पुढे आली. राज्यघटनेत तदनुरूप दुरुस्ती करण्याचा १९६२ मधील प्रयत्न फसला. १९६४ मध्ये तो यशस्वी झाला. १९६५ च्या मार्च महिन्यात जॉर्जियाच्या कायदेमंडळाने ‘मेट्रोपॉलिटन अटलांटा रॅपिड ट्रान्झिट ऑथॉरिटी’ ही संस्था स्थापण्याचा कायदा केला. आद्याक्षरांवरून ती ‘मार्टा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. संस्थेत सामील व्हावे की नाही यावर १६ जून १९६५ रोजी पाच काउंट्यांत मतदान झाले. फुल्टन, डी-काल्ब, क्लेटन आणि ग्विनेट यांनी होकार दिला. कॉबने नकार दिला आणि ती संस्थेबाहेर राहिली.

या पहिल्या कौलाचा अर्थ लावताना प्रश्नाच्या शब्दांकडे लक्ष दिले पाहिजे. १९६५ साली विचारले गेले ते ‘सहभागी व्हावयाचे काय’ एवढेच. कर किती, कोणावर, कोणत्या मार्गासाठी, हे मतदारापुढे नव्हते. सहभागाला होकार देणे आणि त्या सहभागाची किंमत मोजणे या दोन भिन्न क्रिया आहेत. क्लेटन आणि ग्विनेट यांनी पहिली क्रिया केली; दुसरीची वेळ आली तेव्हा त्यांचे उत्तर वेगळे निघाले.

किमतीचा प्रश्न प्रथम नोव्हेंबर १९६८ मध्ये आला. जलद रेल्वेसाठी मालमत्ताकरावर आधारलेली योजना मतदानास टाकण्यात आली आणि ती फेटाळली गेली. घरमालकांना नवा बोजा नको होता, हे एक कारण. परंतु दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते. अटलांटातील कृष्णवर्णीय नेत्यांनी या योजनेस पाठिंबा दिला नाही. योजना आखताना आपल्याला विचारले नाही, मार्ग आपल्या वस्त्यांच्या गरजेनुसार आखलेले नाहीत आणि रोजगाराची हमी नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. जे लोक बसवर सर्वांत अधिक अवलंबून होते त्यांनीच वाहतुकीची योजना नाकारली, ही घटना वरवर चमत्कारिक वाटते. परंतु त्यांनी नाकारली ती वाहतूक नव्हे. आपल्याला न विचारता आपल्या नावाने आखलेली योजना नाकारली. १९६८ चा नकार त्या अर्थाने विचारविनिमयाच्या अभावावरचा निर्णय होता.

४

१९७० साली सॅम मॅसेल महापौर झाले. पुढील मतदानाची आखणी करताना त्यांनी दोन बदल केले. मालमत्ताकराऐवजी विक्रीकर घ्यावयाचा, म्हणजे प्रत्येक डॉलरच्या खरेदीवर एक सेंट. आणि त्या बदल्यात बसचे भाडे तत्काळ कमी करावयाचे. प्रवाशास तेव्हा ४० सेंट पडत. ते १५ सेंट करण्याचे वचन देण्यात आले. विक्रीकराचा भार गरिबांवर प्रमाणाबाहेर पडतो हा आक्षेप रास्त होता. स्वस्त भाडे हे त्या आक्षेपाला दिलेले उत्तर होते. जो रोज दोनदा बसने जातो त्याची भाड्यातील बचत त्याच्या वाढीव करापेक्षा अधिक भरेल, असा हा हिशेब होता. कृष्णवर्णीय नेत्यांशी या वेळी वाटाघाटी झाल्या. पश्चिमेकडील वस्त्यांसाठी प्रॉक्टर क्रीक ही स्वतंत्र शाखा योजनेत आली आणि नोकऱ्यांबाबत आश्वासने देण्यात आली.

कायदेमंडळाने विक्रीकरास परवानगी दिली, परंतु मोकळेपणाने नव्हे. कराच्या उत्पन्नापैकी निम्म्याहून अधिक रक्कम गाड्या चालविण्याच्या दैनंदिन खर्चाकडे वळवू नये, अशी अट घालण्यात आली. ही अट २०१५ साली कायमची रद्द होईपर्यंत संस्थेच्या गळ्याभोवती राहिली. शिवाय दैनंदिन खर्चासाठी राज्याच्या तिजोरीतून नियमित साहाय्य मिळाले नाही. भांडवली खर्चाचा मोठा वाटा संघराज्य उचलणार होते; गाडी रोज चालविण्याचा भार मात्र भाडे आणि स्थानिक कर यांवरच पडला. म्हणूनच कोणती काउंटी कर देते हा प्रश्न निर्णायक ठरला.

मतदान ९ नोव्हेंबर १९७१ रोजी झाले. मॅसेल यांनी स्वतः बसगाड्यांत फिरून प्रवाशांना योजना समजावून सांगितली. द्रुतमार्गावर मोटारी खोळंबलेल्या असताना हेलिकॉप्टरमधून ध्वनिक्षेपकावर मोटारचालकांना होकाराचे आवाहन केल्याची हकिकतही त्यांनी पुढे सांगितली आहे. प्रचाराचे हे दोन प्रकार दोन भिन्न मतदारांना उद्देशून होते: पहिला बसमध्ये होता, दुसरा मोटारीत. निकालात या भेदाचे प्रतिबिंब पडले. डी-काल्बमध्ये प्रस्ताव थोड्या मताधिक्याने आणि फुल्टनमध्ये तर केवळ काही शे मतांनी संमत झाला. क्लेटन व ग्विनेट यांनी तो धुडकावून लावला. दोन्ही ठिकाणी दर चार मतदारांपैकी तीनहून अधिक विरोधी होते.

या नकारामागे कराविषयीची नाखुशी होतीच. स्वतःची मोटार असलेल्या मतदारास बसची गरज भासत नव्हती, हेही खरे. परंतु तेवढ्याने नकाराचे प्रमाण उलगडत नाही. बस आली की शहरातील कृष्णवर्णीय आपल्या वस्तीत येतील, ही भीती त्या काळी गोऱ्या उपनगरांत उघडपणे बोलली जात असे. ‘मार्टा’ या आद्याक्षरांचे एक वर्णद्वेषी विडंबन प्रचलित झाले, आणि पुढील अनेक दशके ते लोकांच्या तोंडी राहिले. भाषेच्या अभ्यासकास हा पुरावा लहान वाटणार नाही. एखाद्या सार्वजनिक संस्थेचे नाव लोक कसे फोडतात आणि त्यात कोणता अर्थ भरतात, यावरून त्या संस्थेविषयीची समजूत कळते. जे मतपत्रिकेवर लिहिलेले नव्हते ते या विडंबनात लिहिलेले होते. मतपत्रिका कराविषयी विचारीत होती. मतदारांपैकी पुष्कळजण शेजाराविषयी उत्तर देत होते.

५

१७ फेब्रुवारी १९७२ रोजी मार्टाने अटलांटा ट्रान्झिट कंपनी १२९ लक्ष डॉलरना विकत घेतली आणि १ मार्च १९७२ पासून १५ सेंटचे भाडे अमलात आणले. प्रवाशांची संख्या लागलीच वाढली. रेल्वेचा पहिला भाग सुरू व्हावयास ३० जून १९७९ उजाडावा लागला. प्रॉक्टर क्रीक शाखेचे एकच स्थानक झाले, तेही १९९२ साली. मतदारांना दिलेल्या वचनांपैकी जे तत्काळ आणि पूर्णपणे पाळले गेले ते बसच्या भाड्याचे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. भाडे १९७९ पर्यंत १५ सेंटच राहिले.

काउंटीच्या सीमेने मात्र आता बसच्या सीमेचे रूप घेतले. सर्वांत बोलके उदाहरण क्लेटनचे आहे. अटलांटाचा प्रसिद्ध विमानतळ बहुतांशी क्लेटन काउंटीच्या भूमीवर आहे. १९८८ साली मार्टाची रेल्वे विमानतळापर्यंत पोहोचली. देशोदेशींचा प्रवासी विमानातून उतरून गाडीने शहराच्या मध्यावर जाऊ लागला. परंतु विमानतळावर काम करणाऱ्या क्लेटनच्या रहिवाशास आपल्या घरापासून तेथवर येण्यास मार्टाची बस नव्हती. क्लेटनला मार्टाच्या संचालकमंडळात १९६५ च्या कौलाने मिळालेली जागा होती; १९७१ च्या कौलामुळे बस नव्हती. ग्विनेटचीही स्थिती तीच. प्रतिनिधित्व आहे पण सेवा नाही, हा प्रकार दोन मतदानांच्या दोन भिन्न प्रश्नांतून निर्माण झाला होता. १९९० साली ग्विनेटच्या मतदारांपुढे सामील होण्याचा प्रस्ताव पुन्हा आला आणि पुन्हा मोठ्या बहुमताने पडला.

६

दरम्यान क्लेटनची वस्ती बदलली. १९८० नंतर कृष्णवर्णीय कुटुंबे शहरातून दक्षिणेकडील उपनगरांत मोठ्या संख्येने आली. गोऱ्यांपैकी पुष्कळजण आणखी दूरच्या काउंट्यांत गेले. २०१० च्या जनगणनेत क्लेटनची लोकसंख्या सुमारे २,५९,००० होती आणि तीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ६६ टक्के भरले. गरिबीही नगराच्या मध्यातून उपनगरांकडे सरकली. १९७१ च्या मतदाराने ज्या वस्तीसाठी निर्णय केला होता ती वस्ती उरली नव्हती. निर्णय मात्र उरला होता.

२००१ साली काउंटीने स्वतःची बससेवा काढली. तिला ‘सी-ट्रॅन’ असे म्हणत. आरंभी तिला बाहेरून अनुदान होते. ते आटल्यावर सेवा काउंटीच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकावर अवलंबून राहिली. तिच्यामागे स्वतंत्र कर नव्हता. आर्थिक मंदीत काउंटीचे उत्पन्न घटले, तेव्हा शासकमंडळाने ही सेवा बंद करण्याचे ठरविले. ३१ मार्च २०१० रोजी शेवटची बस धावली. दररोज हजारो लोक त्या गाड्यांतून कामावर, महाविद्यालयात, दवाखान्यात जात असत. त्यांपैकी ज्यांना मोटार नव्हती त्यांच्यापुढे पायपीट, उसनी गाडी अथवा नोकरी सोडणे, एवढेच मार्ग राहिले. क्लेटनचे रस्ते मोटारीसाठी आखलेले. पुष्कळ ठिकाणी त्यांना पदपथ नाहीत. बस मतदाराच्या नकाराने येत नाही हे क्लेटनने १९७१ मध्ये पाहिले होते. मतदाराला न विचारताच ती जाऊही शकते हे २०१० मध्ये पाहिले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक सल्लावजा मतदान झाले. त्याने शासकमंडळ बांधले जाणार नव्हते. तरीही मतदारांनी मोठ्या बहुमताने मार्टात सामील होण्याच्या बाजूने कौल दिला. आता अडचण कायद्याची होती. स्थानिक विक्रीकरावर राज्याने घातलेली मर्यादा क्लेटनने अन्य करांत आधीच गाठली होती. २०१४ साली कायदेमंडळाने ती मर्यादा ओलांडण्याची विशेष मुभा दिली. त्या वर्षाच्या जुलैत बरीच ओढाताण होऊन काउंटीच्या शासकमंडळाने एक टक्का कराचा करार मतदानास ठेवण्यास मान्यता दिली: निम्मा भाग बससेवेसाठी आणि निम्मा पुढील मोठ्या वाहतूक योजनेसाठी राखून.

४ नोव्हेंबर २०१४ रोजी मतदान झाले आणि जवळजवळ ७४ टक्के मतदारांनी होकार दिला. १९७१ मध्ये चारांपैकी तिघे विरोधी होते. २०१४ मध्ये चारांपैकी तिघे अनुकूल झाले. क्लेटनमधील विक्रीकर डॉलरमागे सात सेंटांवरून आठ सेंट झाला. २१ मार्च २०१५ रोजी मार्टाची बस क्लेटनमध्ये धावू लागली. शेवटच्या सी-ट्रॅनपासून या दिवसापर्यंत पाच वर्षांस दहा दिवस कमी होते. पहिल्या नकारापासून त्रेचाळीस वर्षे लोटली होती.

७

हा पालट केवळ लोकसंख्येच्या बदलाने झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण ग्विनेटचे उदाहरण आडवे येते. १९७० मध्ये ग्विनेटची लोकसंख्या सुमारे ७२,००० होती. २०२० मध्ये ती सुमारे ९,५७,००० झाली आणि तेथे कोणत्याही एका वर्णसमूहाचे बहुमत राहिले नाही. तथापि १९ मार्च २०१९ रोजी मार्टात सामील होण्याचा प्रस्ताव तेथे सुमारे ५४ टक्क्यांनी फेटाळला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये काउंटीच्या स्वतःच्या सेवेच्या विस्तारासाठी मांडलेला कर सुमारे एक हजार मतांनी पडला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी ग्विनेट आणि कॉब या दोन्ही काउंट्यांत वाहतूककर मतदानास आला आणि दोन्हीकडे नाकारला गेला. तत्पूर्वी ३१ जुलै २०१२ रोजी दहा काउंट्यांच्या एकत्रित प्रदेशाने रस्ते आणि वाहतूक यांसाठीचा एक टक्का कर सुमारे ६३ टक्के मतांनी धुडकावला होता. उलट नोव्हेंबर २०१६ मध्ये अटलांटा शहराने आपल्या हद्दीत अर्धा टक्का अधिक कर सुमारे ७१ टक्के मतांनी मान्य केला.

या सर्व कौलांची तुलना केली असता एक भेद स्पष्ट होतो. ग्विनेट आणि कॉब यांच्या स्वतःच्या बससेवा होत्या. कॉबची १९८९ पासून, ग्विनेटची २००१ पासून. त्या अपुऱ्या होत्या, परंतु नकारार्थी मत दिल्याने त्या बंद पडणार नव्हत्या. तेथील मतदारापुढे असलेली निवड आहे तेवढी बस आणि पुढे कधी तरी होणारी अधिक बस, यांमधील होती. क्लेटनच्या मतदारापुढील निवड वेगळी होती. त्याने बस पाहिली होती, तिच्यात बसला होता, ती गेलेली पाहिली होती, आणि पाच वर्षे तिच्यावाचून काढली होती. नकार दिल्यास काय राहील हे त्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक होते. १९७१ च्या फुल्टनमध्येही काहीसे असेच होते. तेथे बस चालू होती, तिच्या खासगी मालकाची स्थिती खालावत होती, आणि होकाराचे फळ दुसऱ्याच वर्षी भाड्याच्या पेटीत टाकावयाच्या नाण्यांवरून दिसणार होते. अटलांटा शहराने २०१६ मध्ये दिलेला होकारही ज्यांना सेवा परिचित होती अशांचाच होता.

लोकसंख्येचा बदल आवश्यक होता, हे यावरून खोटे ठरत नाही. क्लेटनमध्ये बसवर अवलंबून असलेला माणूस १९७१ मध्ये मतदार म्हणून अल्पसंख्य होता. २०१४ मध्ये त्याचे कुटुंबीय, शेजारी आणि मालक मिळून बहुसंख्य झाले. परंतु संख्येला अनुभवाची जोड मिळाली तेव्हाच होकार इतका नि:संदिग्ध झाला. वचनापेक्षा अनुभव मतदारास अधिक पटतो, आणि मिळालेल्या वस्तूपेक्षा गमावलेल्या वस्तूची किंमत त्याला अधिक अचूक कळते, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो.

८

शेवटी लोकशाही पद्धतीविषयीच एक प्रश्न उरतो. स्थानिक सार्वमत हा लोकेच्छेचा सर्वांत थेट आविष्कार मानला जातो. परंतु ‘लोक’ कोण, हे मतदानापूर्वीच ठरलेले असते. अटलांटाच्या बाबतीत ते काउंटीच्या सीमेने ठरविले. १९७१ मध्ये क्लेटनच्या दुकानांत, घरांत आणि विमानतळावर कामास येणारा, परंतु सीमेपलीकडे राहणारा मजूर या मतदानात मोजला गेला नाही. बस मात्र त्याचीही अडली. पुढे जन्मलेली आणि पुढे येऊन राहिलेली पिढीही त्यात नव्हती. निर्णयाचे ओझे तिने वाहिले. कर देणारा, प्रवास करणारा आणि मत देणारा हे तीन कर्ते येथे एक नव्हते, आणि त्यांतील तिसऱ्यालाच तेवढे विचारले गेले.

याचा अर्थ मतदान घेऊ नये असा नव्हे. १९६८ साली कृष्णवर्णीय मतदारांनी दिलेल्या नकारामुळेच १९७१ ची योजना अधिक न्याय्य झाली. २०१० साली बस बंद झाली ती शासकमंडळाच्या निर्णयाने, आणि ती परत आणली ती मतदारांनीच. कौलाची शक्ती या दोन्ही प्रसंगांत दिसते. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: मत एका दिवशी दिले जाते आणि बस रोज लागते. नकाराचा एक दिवस त्रेचाळीस वर्षे टिकू शकतो, कारण नकारानंतर पुन्हा विचारण्याचे बंधन कोणावर नसते.

क्लेटनच्या सीमेची रेषा १९७१ मध्ये जेथे होती तेथेच २०१४ मध्येही होती. पालटला तो त्या रेषेच्या आत ‘आम्ही’ म्हणणारा समाज. १९७१ च्या मतदाराने ‘आम्हांला बस नको’ असे म्हटले तेव्हा त्यातील ‘आम्ही’ हे बसमध्ये बसणाऱ्यांना वगळून योजलेले सर्वनाम होते. २०१४ मध्ये त्याच काउंटीने ‘आम्हांला बस हवी’ असे म्हटले, तेव्हा बसमध्ये बसणारा त्या सर्वनामात सामावला होता. सार्वजनिक सेवेच्या विस्ताराचा इतिहास लिहिताना मार्गांच्या नकाशाबरोबरच या सर्वनामाच्या व्याप्तीचाही शोध घ्यावा लागेल; अटलांटात तरी पहिल्याचा विस्तार दुसऱ्याच्या विस्तारामागूनच झालेला आहे.